साहेबांची आयाळ

आमच्या ह्यांना माणसांशी बोलता येत नाही. मला पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा तासभर बसले आणि त्या तासात तीन शब्द बोलले. त्यातला एक 'पाणी' होता. माझ्या आईला वाटलं, मुलगा शांत आहे, गुणी आहे. शांत कसला? समोर कुत्रं आलं की बघावं तोंड कसं चालतं ते. काय म्हणता, मान अवघडली का, काल जेवला नाहीत असं ऐकलं, बसा आरामात, आपल्याला कुठं जायचंय, असं अर्धा अर्धा तास चालू. बायको शेजारी बादली घेऊन उभी असते, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

आधी हे माणसांचे केस कापायचे. एका मोठ्या सलूनमध्ये तीन नंबरच्या खुर्चीवर सतरा वर्षं काढली. हात इतका हलका की गिऱ्हाईक झोपून जायचं, पण जागं असलेलं गिऱ्हाईक टिकायचं नाही. केस कापून घेताना माणसाला गप्पा लागतात. कुणी विचारलं, काय, कसं काय, तर हे म्हणायचे, मान खाली. मालकानं जागा विकली तेव्हा बाकीच्या खुर्च्यांवरचे सगळे कुठं ना कुठं चिकटले आणि हे घरी बसले. मग कुणाच्या तरी ओळखीनं पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात मागच्या खोलीत कुत्री धुण्याचं काम मिळालं. पहिल्या दिवशी घरी आले ते अंगभर ओले, मनगटावर दातांचे वण आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. मी विचारलं, काय झालं एवढं? तर म्हणाले, "तिथं कुणी काही विचारत नाही गं."

चार वर्षांनी स्वतःचं दुकान काढलं. तळमजल्यावरची एक खोली, पूर्वी तिथं झेरॉक्स काढून मिळायची. एक मोठं सिंक, मध्ये रबर अंथरलेलं टेबल, टेबलाला लोखंडी दांडा आणि दांड्याला पट्टा, म्हणजे कुत्र्यानं उडी मारायला नको. आंघोळ आणि ड्रायर माझ्याकडे, कंगवा, कात्री आणि केस उतरवायचं मशीन ह्यांच्याकडे. गिऱ्हाइकांशी बोलणंही माझ्याकडेच, नाहीतर दुकान दोन महिन्यांत बंद पडलं असतं. माझ्या जिभेला हाड नाही हे मला ठाऊक आहे. त्या हाड नसलेल्या जिभेवरच आमचं दुकान चाललं, आणि पुढं तिनंच घात केला. ते येईलच.

धंद्यातली एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे घोटाळा नको. काही कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ केस, आणि खाली कापसासारखी दाट लव. असल्या कुत्र्याला कधीही मशीन लावायचं नाही, हा ह्यांचा पहिला नियम. विंचरायचं, गुंता सोडवायचा, टोकं कात्रीनं सारखी करायची, बस. मुळापासून उतरवलं तर दोन्ही थर एकत्र वाढतात, यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि आले तरी पहिल्यासारखे येतील याचा भरवसा नाही. उन्हाळा आला की लोक यायचे, करून टाका हो टक्कल, बिचाऱ्याला उकडतंय. हे नुसती मान हलवायचे, आणि मग ते लोक माझ्याशी भांडायचे.

टायपिंगच्या बाई आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांचे डोळे निम्मे गेले होते. काचबिंदू. पस्तीस वर्षं त्यांनी टायपिंग शिकवलं. मुलामुलींच्या हातांवर फडकं टाकायच्या आणि म्हणायच्या, खाली बघायचं नाही, बोटांनी बघायचं. लग्न केलं नाही. मागं एक भाऊ होता तो वारला, त्याचा मुलगा, म्हणजे भाचा, महिन्यातून एकदा यायचा. आणि घरात साहेब.

साहेब म्हणजे त्यांचा कुत्रा. पेकिनीज जातीचा, हातभर लांब, नाक दाबून बसवलेलं, डोळे बटबटीत, आणि मानेभोवती तांबूस केसांची ही एवढी आयाळ. झोपला की घोरायचा. इन्स्टिट्यूटचे मोठे साहेब दुपारी खुर्चीत अगदी असेच घोरायचे, म्हणून बाईंनी हे नाव ठेवलं. फार जुनी जात, बाई सांगायच्या, चीनच्या राजवाड्यातली, राजघराण्याबाहेर कुणाला पाळायची सोय नव्हती, तिथल्या बायका म्हणे झग्याच्या बाहीत घालून फिरवायच्या. मी म्हणायचे, बाई, राजवाड्यातले आहेत ना, मग माझ्या बादलीत का बसतात? पण तोरा होता खरा. बोलावलं तर मान फिरवायचे. चालायचे ते डुलत डुलत. दुसरी कुत्री येणाऱ्याजाणाऱ्याचे हात-पाय चाटतात, साहेबांनी कधी कुणाचा हात चाटला नाही. बाईंचासुद्धा नाही. मांडीवर बसायचे, तेही उपकार केल्यासारखे.

दर दुसऱ्या गुरुवारी सकाळी बाई त्यांना घेऊन यायच्या. हे दोन तास विंचरायचे, मग साहेबांना बाईंच्या मांडीवर ठेवायचे आणि पेपर तपासायला दिलेल्या पोरासारखे समोर उभे राहायचे. बाईंची दहाही बोटं कपाळापासून निघायची, कानांच्या मागं, आयाळीत, काखेत, मांडीच्या मागच्या झालरीत, शेपटीच्या टोकापर्यंत. मग म्हणायच्या, डाव्या कानामागं एक गाठ राहिली. बघितलं तर खरंच असायची, ज्वारीच्या दाण्याएवढी. ह्यांचे कान लाल व्हायचे. मला आधी बाईंचा राग यायचा. आंधळ्या बाईनं चुका काढायच्या आणि ह्यांनी ऐकायच्या! पण एकदा ह्यांनीच सांगितलं, आजवर माझं काम एवढं नीट कुणी बघितलंच नाही. सतरा अधिक चार वर्षं माणसानं जीव ओतून काम करावं आणि बघणारं कुणी नसावं, हे मला बायको असून कळलं नव्हतं.

साहेब आठ वर्षांचे असताना बाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. डोळे तोवर पूर्ण गेलेले, डावा कान बंद, उजव्या कानाला मोठ्यानं बोललं तर शब्द कळायचे, आवाज कुणाचा ते कळायचं नाही. भाच्यानं वृद्धाश्रम बघितला. त्याला नावं ठेवायची तर मी ठेवीन, पण खरं सांगायचं तर त्याच्या दोन खोल्यांत त्याचीच चार माणसं होती. वृद्धाश्रमात कुत्रा चालत नव्हता. बाईंनी निरोप धाडून ह्यांना दवाखान्यात बोलावून घेतलं. मी बरोबर होते. बाई म्हणाल्या, साहेबांना तुम्ही ठेवा, पण दर रविवारी मला आणून भेटवा, एक रविवार चुकवायचा नाही. आणि म्हणाल्या, "ते गेले तर मला खरं सांगा. मी आंधळी आहे म्हणून मला गुंडाळू नका." ह्यांनी त्यांच्या कानाशी वाकून शब्द दिला. आमचे हे बोलतात कमी, पण दिलेला शब्द मोडताना मी त्यांना तोवर बघितलेलं नव्हतं.

पावणेदोन वर्षं एकही रविवार चुकला नाही. ताप अंगात असताना गेले, बहिणीच्या घरी कार्य होतं ते अर्ध्यावर टाकून गेले. शनिवारी संध्याकाळी साहेबांना विंचरून ठेवायचं, रविवारी टोपलीत घालून दोन बस बदलून जायचं. वृद्धाश्रमात भेटीची खोली होती, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला घड्याळ, खिडकीत औषधांचे खोके. तिथली मदतनीस बाईंना धरून आणायची. बाई बसल्या की साहेब मांडीवर, आणि बोटं आयाळीत. तासभर तोंडातून शब्द नाही. उठताना म्हणायच्या, मागच्या पायाशी जरा राठ लागतंय, तेल लावा. मदतनीस मला सांगायची, ह्या बाई आठवडाभर कुणाशी बोलत नाहीत, जेवायला बसवलं तर बसतात, नाहीतर नाही, पण शनिवारपासून विचारायला लागतात, आज कुठला वार? ह्या जगात त्यांना हात लावण्यासारखी आपली म्हणावी अशी एकच गोष्ट उरली होती.

मग त्या उन्हाळ्यात वृद्धाश्रमात तापाची साथ आली. दोन म्हातारे दगावले. त्यांनी भेटी बंद केल्या, आज उघडतील, उद्या उघडतील करता करता नऊ आठवडे गेले. हे दर रविवारी दारापर्यंत जाऊन यायचे. आत सोडत नसत, तरी जायचे.

त्याच काळात साहेबांच्या कातडीला लागलं. आधी मानेखाली रुपयाएवढा ओला डाग, केसांच्या आत, दिसायचाही नाही. मग तो पसरला. पाठीवर, पोटाखाली, आयाळीच्या मुळाशी. लव दाट, ऊन नाही वारा नाही, आतल्या आत कुजायला लागलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, केस मोकळे करा, हवा लागली पाहिजे. कुठले किती, ते त्यांनी सांगितलं नाही. हे डागापुरते केस कात्रीनं काढायचे, की दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरा डाग. पू चिकटून गाठी झालेल्या, एक एक सोडवायला घेतली की साहेब ओरडायचे. ज्या कुत्र्यानं दहा वर्षांत आवाज चढवला नाही तो लहान मुलासारखा ओरडायचा. चपटं नाक, त्यात उकाडा, जीभ बाहेर, श्वास घ्यायचा तो सगळा घशातून. पाच दिवस पोटात अन्न नाही.

सहाव्या दिवशी दुपारी हे तीन तास टेबलाशी उभे होते आणि अजून एका काखेतलं निघालं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साहेबांचे हाल बघवत नव्हते, ह्यांचेही बघवत नव्हते, आणि माझी एक सवय आहे, मला कशाची दया आली की मी भांडते. मी म्हणाले, त्या मुक्या जीवाला असं तिळातिळानं मारण्यापेक्षा लावा मशीन आणि उतरवा सगळे एकदाचे. केसच आहेत, येतील. हे म्हणाले, तसे येणार नाहीत, बाईंना काय सांगू?

आणि मी म्हणाले, "बाईंना कुठं दिसतंय?"

पस्तीस वर्षं बोटांनी बघायला शिकवलेल्या बाईबद्दल मी हे बोलले. दर गुरुवारी त्यांची बोटं चालताना बघितलेली मी. कसं सुटलं तोंडातून, मला आजही कळत नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. ते दमले होते. दमलेल्या माणसाला दुसऱ्याचं म्हणणं लवकर पटतं. त्यांनी खण उघडला, मशीन काढलं, आणि मानेपासून शेपटीपर्यंत सगळं उतरवलं. आयाळ तीन पट्ट्यांत खाली आली. आतून जे निघालं ते इतकंसं होतं, निम्म्याहून कमी, गुलाबी आणि डागांनी भरलेलं. मी कोमट पाण्यानं पुसलं, मलम लावलं. साहेब टेबलावरच आडवे झाले आणि घोरायला लागले. माझा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी अर्धं अंडं खाल्लं. आठ-दहा दिवसांत कातडी सुकली. साहेब वाचले, हे खरं आहे, कुणी काही म्हणो.

पुढच्याच महिन्यात भेटी सुरू झाल्या. पहिल्या रविवारी आम्ही दोघं गेलो. अंगावर तेव्हा नखाएवढे केस होते. बाई खूप वाळल्या होत्या, पण खोलीत आल्या त्याच मुळी हात पुढं करून. ह्यांनी साहेबांना मांडीवर ठेवलं.

बोटं कपाळावरून मागं गेली आणि मानेपाशी थांबली. परत पुढं आली, परत मागं गेली. पाठ चाचपली, बरगड्या लागल्या. बाईंनी विचारलं, हे काय आणलंत? ह्यांनी कानाशी वाकून सांगितलं, साहेब आहेत बाई. कातडीला झालं होतं, केस काढावे लागले, आता बरे आहेत. बाई म्हणाल्या, साहेब याच्या दुप्पट होते. ह्यांनी सांगितलं, ते केस होते बाई, अंग एवढंच आहे. बाईंनी नाक चाचपलं. नाक तेच होतं. क्षणभर मला वाटलं, पटतंय.

तेवढ्यात साहेबांनी बाईंचा हात चाटला. नऊ आठवडे बाई दिसल्या नव्हत्या, आजारपणातनं उठलेले, कधी नव्हे ते त्यांना भरून आलं असेल. मनगटापासून बोटांपर्यंत चाटत सुटले, शेपूट हलवत, कूं कूं करत. अख्ख्या आयुष्यात केलं नव्हतं ते त्या दिवशी केलं. आणि बाईंनी हात काढून घेतला.

"साहेबांनी कधी कुणाचा हात चाटला नाही," त्या म्हणाल्या. "ते कधी गेले ते सांगा."

हे सांगत राहिले. खाली बसले, गुडघ्यांवर, कानाशी तोंड नेऊन, परत परत, आहेत बाई, हेच आहेत, मी खोटं कशाला बोलू. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मीही ओरडून सांगितलं. डॉक्टरांचा कागद दाखवायचा तर वाचणार कोण? भाच्याला फोन लावून दिला, त्यानं सांगितलं तर म्हणाल्या, तुलाही सामील करून घेतलं वाटतं. जितकं सांगावं तितकं त्यांना खोटं वाटत होतं, कारण खऱ्याला एवढं का सांगावं लागतं? आंधळ्या म्हातारीला फसवायला त्याच जातीचं दुसरं कुत्रं आणलं, एवढंच त्यांना दिसत होतं. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तारीख तरी सांगा हो. तेवढं तरी खरं सांगा." मग मदतनिशीला म्हणाल्या, मला आत ने.

आम्ही बसमध्ये बसलो. मी सांगितलं, चूक माझी आहे, मी बोलले म्हणून तुम्ही केलंत, पुढच्या वेळी मी बाईंना तसं सांगते. हे म्हणाले, मशीन माझ्या हातात होतं. त्यानंतर त्या विषयावर माझ्याशी बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडायला तरी मिळालं असतं.

बाई रविवारी बाहेर यायच्या बंद झाल्या. मदतनीस भली होती, ती म्हणाली, अहो, सांगून टाका ना गेले म्हणून, एक तारीख द्या, म्हातारीच्या जिवाला शांतता मिळेल. हे म्हणाले, आहेत त्यांना गेले कसं म्हणू? मी शब्द दिलाय. आणि एक मनात पक्कं धरून बसले, केस आले की बाईंची बोटं ओळखतील. तोवर थांबायचं. दर रविवारी टोपली घेऊन जायचे, भेटीच्या खोलीत तासभर बसायचे, साहेब मांडीवर, समोर ती रिकामी खुर्ची, आणि परत यायचे. दर पंधरा दिवसांनी आयाळीतला एक केस कंगव्याच्या दातांना लावून बघायचे किती वाढला. उकडलेलं अंडं, माशाचं तेल, बोटांनी मालीश. दुकानात मशीन लावायचंच बंद केलं, सगळं कात्रीनं, एका कुत्र्याला अर्धा दिवस. गिऱ्हाइकं कंटाळली, तुटली. मी कुणाशी भांडले नाही. कुठल्या तोंडानं भांडणार?

चौदा महिने लागले. पण आली, आयाळ आली. तांबूस, मानेभोवती उभी राहणारी, कानांच्या मागं झालर, शेपटीचा पंखा. मला तर पहिलीपेक्षाही देखणी वाटली. साहेबांना तेव्हा बारावं लागलं होतं, तोंडाभोवती पांढरं झालेलं, पायऱ्या चढवत नव्हत्या. शनिवारी ह्यांनी तीन तास विंचरलं आणि शेवटी हात मागं घेऊन बराच वेळ बघत उभे राहिले. मी विचारलं, झालं का मनासारखं? म्हणाले, "वरचे केस मऊ आलेत गं." मी म्हणाले, मऊ तर चांगलंच. ते कंगवा धुवायला गेले.

मदतनिशीशी मी आधीच बोलून ठेवलं होतं. कोण आलंय ते सांगायचं नाही, खोलीत आणून बसवायचं, बस. बाईंचं चालणं संपलं होतं, चाकाच्या खुर्चीतून आणलं. मीच ह्यांना बजावलं होतं, आपण एक अक्षर बोलायचं नाही, बोटांना काम करू दे. ह्यांनी साहेबांना त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरले. गुरुवारी दुकानात उभे राहायचे तसेच.

बाई दचकल्या. मग उजवा हात आयाळीत गेला, कोपरापर्यंत म्हणावं असा. डावा गेला. कानांमागं, काखेत, मांडीच्या झालरीत, शेपटीच्या टोकाला, त्याच रस्त्यानं, तशाच. साहेब मान फिरवून खिडकीकडे बघत बसले होते, उपकार केल्यासारखे. हात चाटला नाही. बाईंच्या तोंडावर जे आलं ते मी चौदा महिन्यांत शंभरदा डोळ्यांसमोर आणलं होतं, आणि ते खरंच आलं. ओठ हलायला लागले, डोळ्यांतून पाणी. मी ह्यांचा दंड धरला.

बाई म्हणाल्या, "कुणाचा हो हा? किती छान ठेवलाय."

बाईंना कळायलाही मार्ग नव्हता की खोलीत कोण आहे. त्या आपल्याच नादात, बोटं चालवत म्हणाल्या, माझ्याकडे अगदी असाच होता. मऊ आहेत अजून याचे केस, लहान आहे. वर्षाचा असेल, नाही का? माझ्या साहेबांचे राठ होते, मोठ्या कुत्र्याचे असतात तसे. गेले ते. मला तारीखसुद्धा कुणी सांगितली नाही. आणि जरा थांबून म्हणाल्या, एक माणूस होता केस विंचरणारा, हात फार चांगला त्याचा, तसा हात मी दुसऱ्या कुणाचा बघितला नाही. पण शेवटी माझ्याशी खोटं बोलला. तेवढंच मला लागलं.

मी पुढं झाले. आता मी सांगणार होते, सगळं, मशीनचं, माझ्या तोंडचं वाक्य, सगळं. ह्यांनी हात आडवा धरला. मी बघितलं तर त्यांची नजर बाईंच्या हातांवर होती. ते हात आयाळीत होते, इतक्या महिन्यांनी, आणि आम्ही खरं सांगितलं की ते हात निघून जाणार होते. दोघांनाही ते कळलं, पण ह्यांना माझ्याआधी.

बाईंनी विचारलं, नाव काय ठेवलंय?

हे वाकले, त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं, एक एक शब्द तोडून म्हणाले, "अजून ठेवलं नाही, बाई. वर्षाचाच आहे. तुम्ही ठेवा."

बाईंना ते लगेच पटलं. हसल्यासुद्धा. म्हणाल्या, वर्ष झालं तरी नाव नाही, कसली हो माणसं तुम्ही? रविवारी आणाल का परत? तोवर सुचेल. हे हो म्हणाले. मग त्यांनी ह्यांना नीट समजावून सांगितलं. रोज विंचरायचं, कानांमागं गाठ धरते तिथं बोट घालून बघायचं, आणि काही झालं तरी याला मशीन लावू द्यायचं नाही. "दोन-तीन वर्षं जाऊ द्या," त्या म्हणाल्या, "मग बघा याची आयाळ कशी भरते ते. मी नसेन तेव्हा, पण तुम्ही बघालच."

साहेब त्यांच्या मांडीवर झोपून गेले होते आणि घोरत होते. बाईंना ते ऐकू येत नव्हतं. हे त्यांच्या कानाशी वाकलेलेच होते, तसेच म्हणाले, "हो बाई, बघू."